पाठीमागे काय भरलंय?

लासलगावहून कांदा भरून निघालेल्या दहा टायरी ट्रकच्या चालकाचं लायसन आणि त्याच रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या चालकाचं लायसन शेजारी शेजारी ठेवलं, तर कुणाचं कुठलं हे सांगणं कठीण जाईल. तेच कार्ड, तसाच फोटो आणि वाहनाच्या वर्गासमोर बहुतेक वेळा एकच शब्द : ट्रान्सपोर्ट. रस्त्यावरच्या भाषेत ‘हेवी’. एकाच्या पाठीमागे गोणी असतात, दुसऱ्याच्या पाठीमागे चाळीसेक माणसं. एकाचा हिशेब खेपेवर होतो, दुसऱ्याचा हजेरीपटावर. कार्डाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

पूर्वी ते ठाऊक असायचं. १९८८चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा मोठ्या वाहनांच्या परवान्याचे चार वर्ग होते : मध्यम माल, मध्यम प्रवासी, अवजड माल आणि अवजड प्रवासी. माल वाहणार की माणसं, हे लायसन काढतानाच सांगावं लागे. १९९४च्या दुरुस्तीनं हे चारही वर्ग काढून त्यांच्या जागी ‘वाहतुकीचं वाहन’ हा एकच वर्ग आणला. कायद्यानं तो प्रश्न विचारणं सोडलं, पण नोकरी देणाऱ्यांनी सोडलं नाही. एसटी महामंडळ, ट्रकमालक, शाळा, तेलवाहतूक करणारे ठेकेदार, प्रत्येकानं आपापल्या अटी लावल्या. त्यामुळे चालकाचा धंदा धरू पाहणाऱ्यानं कार्डावरच्या अक्षरांपेक्षा त्याला जोडलेली वजनं, वर्षं आणि बिल्ले समजून घेतलेले बरे.

साडेसात टनांची रेघ

सगळ्यात खालची पायरी हलक्या वाहनाची. कायद्यात तिची मर्यादा ७,५०० किलो आहे आणि मालवाहू गाडीच्या बाबतीत हे वजन मालासकट धरलं जातं. रस्त्यावरच्या अनेक गाड्या या रेघेच्या आत बसतात. २००५ साली आलेला आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून बारसं केलेला टाटा एस, भाजीबाजारातली पिकअप, जुना जाणता ‘चारशे सात’, लग्नाचं वऱ्हाड नेणारी ट्रॅव्हलर, या सगळ्या कायद्याच्या लेखी हलक्याच.

पण घरची मोटार चालवायचं लायसन असलेल्या माणसानं छोटा हत्ती भाड्यानं फिरवला तर चालतं का? या एका प्रश्नावर देशभरातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षं वाद रंगले. अपघात झाला, दावा दाखल झाला की विमा कंपनीचा वकील आधी चालकाचं लायसन मागायचा. गाडी पिवळ्या पाटीची आणि लायसनवर ‘ट्रान्सपोर्ट’ची नोंद नाही, एवढं दिसलं की कंपनी हात वर करायची. भरपाईचा बोजा मग गाडीमालकावर यायचा, आणि तो बहुधा एकाच गाडीचा धनी असायचा.

२०१७ साली मुकुंद देवांगण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी चालकाच्या बाजूनं कौल दिला. विमा कंपन्यांनी तो मान्य केला नाही आणि प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेलं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठानं एकमतानं सांगितलं, की एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन पुरेसं आहे आणि ‘ट्रान्सपोर्ट’ची वेगळी नोंद लागत नाही. रेघेच्या वरच्या गाड्यांना आणि धोकादायक माल नेणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

या पायरीवरचं काम म्हणजे पहाटे मार्केट यार्ड, दुपारी दुकानदारांच्या पोचवण्या आणि रात्री घर. पगार बेताचा असतो, माल चढवाय-उतरवायलाही चालकालाच हात लावावा लागतो. पण स्वतःच्या अंथरुणात झोपायला मिळणं ही वरच्या पायऱ्यांवर सहसा न मिळणारी चैन इथं आहे. शिवाय कर्ज काढून स्वतःची गाडी घेणं शक्य होतं ते इथंच. ट्रॅव्हलरसारखी गाडी भाड्यानं माणसं नेत असेल, तर मात्र सार्वजनिक सेवेच्या वाहनाचे, बिल्ल्याचे नियम आडवे येतात. चालकांच्या बोलण्यात त्याला ‘बॅच’ म्हणतात, आणि ‘बॅच काढला का?’ हा प्रश्न लायसनच्या बरोबरीनं विचारला जातो.

वर्षांचा हिशेब

हलक्यावरून हेवीवर जायला घाई चालत नाही. हलक्या वाहनाचं लायसन वयाच्या अठराव्या वर्षी मिळतं. ते किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय वाहतुकीच्या वाहनाचं शिकाऊ लायसन मिळत नाही, आणि रस्त्यावर असं वाहन चालवायला वीस वर्षं पूर्ण लागतात. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला हवा, डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. पूर्वी आठवी पासची अटही होती. ती २०१९मध्ये काढून टाकण्यात आली, कारण गाडी उत्तम चालवणारे पण शाळा अर्धवट सुटलेले अनेक जण तिच्यामुळे दाराबाहेर राहत होते.

लायसन हातात आलं तरी ते जन्मभराचं नसतं. घरच्या गाडीचं लायसन पुढं बरीच वर्षं पुन्हा काढावं लागत नाही. वाहतुकीच्या वाहनाचं मात्र पूर्वी तीन वर्षांनी आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. प्रत्येक वेळी पुन्हा डॉक्टरचा दाखला आलाच. चाळिशी ओलांडलेल्या चालकाच्या मनात त्या दिवशी एकच धाकधूक असते : डोळे.

खरी गोम यापुढं आहे. एसटीच्या चालकपदाच्या जाहिरातीत दहावी पास, अवजड प्रवासी वाहनाचं लायसन, बॅच आणि साधारणपणे तीन वर्षांचा अवजड वाहन चालवण्याचा अनुभव मागितलेला असतो. हा अनुभव मिळवायचा कुठं? नुकतं हेवी काढलेल्या पोराच्या हातात चाळीस प्रवाशांची बस कुणी देत नाही. त्याला माल मिळतो. विटा, वाळू, ऊस, सिमेंट. गचका बसला तर विटा ओरडत नाहीत. बसच्या आसनाकडे जाणाऱ्या कित्येकांची वाट त्यामुळे ट्रकच्या केबिनमधून जाते, आणि शिकाऊपणाच्या चुका आधी मालावर होतात.

हवा, उतार आणि ताडपत्री

कायद्याच्या भाषेत एकूण वजन १२,००० किलोंच्या वर गेलं की वाहन अवजड. दहा टायरी ट्रकला २०१८पूर्वी २५ टनांपर्यंत मुभा होती, त्या वर्षी ती साडेअठ्ठावीस टनांवर गेली. सगळ्यात मोठ्या ट्रेलरसाठी कमाल मर्यादा ५५ टनांची. लायसन बदललं नाही, पण चालकाच्या पाठीमागचं ओझं एका अधिसूचनेनं वाढलं.

मोटारीतून थेट ट्रकमध्ये बसलेल्याला पहिल्या सकाळीच फरक कळतो. इंजिन सुरू झालं तरी गाडी निघत नाही. ब्रेक हवेवर चालतात, म्हणून टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत काटा वर चढण्याची वाट पाहावी लागते. पुढं घाट आला की दुसरा धडा. कसारा असो की खंडाळा, भरलेला ट्रक उतारावर ब्रेकच्या भरवशावर सोडता येत नाही. ब्रेक सतत दाबून धरला तर लायनर तापतात, जळका वास येतो आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरून ठेवायला लावायचं असतं. तरीही डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे असतात, कारण अनेक ठिकाणी मालक ‘अ‍ॅव्हरेज’ बघून पैसे देतो. नव्या इंजिनांत गिअरमध्ये राहून पाय काढला की डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो, त्यामुळे न्यूट्रलनं काहीच वाचत नाही. जुनी सवय मात्र सुटत नाही.

गाडी चालवणं हा कामाचा एक भाग झाला. माल भरून झाला की ताडपत्री ओढून दोर आवळायचा, बिल्टी आणि ई-वे बिल जपायचं, टायर ठोकून पाहायचे, आणि न्हावा शेवा बंदराबाहेर कंटेनरच्या रांगेत तासन् तास बसून राहायचं. पूर्वी हे सगळं वाटून घ्यायला शेजारी क्लीनर असे. बरेच चालक त्याच आसनावर बसून, आधी पुसापुशी आणि मग रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर चार-दोन किलोमीटर, असं करत शिकले. खर्च वाचवण्यासाठी मालकांनी क्लीनर कमी केले, तेव्हा मदतनीस गेलाच, पण हाताखाली शिकण्याची ती शाळाही आक्रसली.

कमाईचं गणित मालकागणिक बदलतं. कुठं महिन्याचा पगार अधिक खेपेचा भत्ता, कुठं किलोमीटरवर दर. रस्त्यातला जेवणाखाणाचा खर्च त्यातूनच जातो. परतीचं भाडं मिळालं नाही तर गाडी आणि चालक दोघंही परमुलखात अडकून पडतात. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असं माप घालून दिलं. पण तो कायदा पाच किंवा त्याहून अधिक वाहतूक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एक-दोन ट्रकच्या मालकाकडे काम करणारा चालक त्या मापाच्या बाहेरच राहिला.

एक बदल मात्र चालकाच्या अंगाला लागणारा आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. मे महिन्यात विदर्भातून इंजिनाच्या शेजारी बसून दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला त्याची किंमत विचारावी.

दोन घंटा

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली. तेव्हापासून चालकाच्या डोक्यावरची घंटा तीच भाषा बोलत आली आहे : एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. ट्रकचालकाला ही घंटा नसते, आणि दोन नोकऱ्यांमधला मोठा फरक त्या घंटेच्या दोरीत आहे. बसचा चालक एकटा नसतो. दारातली म्हातारी चढली की नाही, हे वाहक पाहतो. स्टँडवर गाडी मागं घेताना शिटी वाहक वाजवतो.

बदल्यात बसचालकाला हात हलका ठेवावा लागतो. निम्मे प्रवासी उभे असताना ब्रेक कसा लावायचा, हे ट्रकवर शिकायला मिळत नाही. ट्रकवर पाच वर्षं काढून आलेल्याला इथं पाय नव्यानं बसवावा लागतो. निवडीच्या वेळी डोळे आणि रंगांची ओळख तपासली जाते, गाडी चालवण्याची चाचणी होते, आणि त्यानंतर महामंडळाचं स्वतःचं प्रशिक्षण असतं. अलीकडच्या भरत्यांत ‘चालक तथा वाहक’ असं पद निघू लागलं. त्यासाठी आरटीओचा वाहकाचा वेगळा परवानाही काढावा लागतो. एका पगारात दोन परवाने.

नोकरी म्हणून पाहिलं तर एसटीत वेतनश्रेणी, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि डोक्यावर एक आगार असतं. गावाला मुक्कामी गाडी नेली तरी दुसऱ्या दिवशी परत यायचं ठरलेलं. पण पगाराचं दुखणं जुनं. ऑक्टोबर २०२१पासून एप्रिल २०२२पर्यंत चाललेल्या संपात महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती. विलीनीकरण झालं नाही. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा मूळ वेतनातली वाढ साडेसहा हजार रुपयांवर नेण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी १७,४५० चालक आणि सहायकांची भरती जाहीर केली, ती मात्र कंत्राटी. सुमारे तीस हजार रुपये वेतन आणि मर्यादित वर्षांची मुदत. ‘एसटीत लागला’ या वाक्याला गावात जे वजन होतं, ते या नव्या भरतीत तेवढंच राहील असं नाही.

महिलांच्या बाबतीत महामंडळानं पायऱ्यांचा क्रमच बदलला. ट्रकवर तीन वर्षं काढलेल्या बाया सापडणार कुठून? म्हणून अनुभवाची अट सैल करून हलक्या वाहनाच्या लायसनवर निवड झाली आणि अवजड गाडीचं शिक्षण महामंडळानं स्वतः दिलं. २०१९मध्ये सुरू झालेलं हे काम करोना आणि संपामुळे रखडलं. अखेर २०२३मध्ये लाल परीच्या सुकाणूवर महिला चालक दिसल्या. वाट फक्त ट्रकमधूनच जाते असं नाही, शिकवायची तयारी असेल तर ती थेटही जाते, हे त्यातून दिसलं.

खासगी ‘ट्रॅव्हल्स’ची नोकरी ट्रक आणि एसटी या दोन्हींच्या मधली. प्रवासी बसचे, हिशेब ट्रकचा. रात्रभराचा प्रवास, आलटून पालटून दोन चालक आणि फेरीवर पैसे. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यानंतर चालकांची झोप, सरळसोट रस्त्यावर येणारी गुंगी आणि संकटकाळी उघडायचे दरवाजे यांवर राज्यभर बोललं गेलं.

शाळेची बस दिसायला सोपी, पण तिच्या अटी जास्त कडक आहेत. सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव सांगितला आहे. राज्याच्या २०११च्या नियमावलीत मुलींसाठी बसमध्ये महिला सहायक लागते. घरून लवकर निघायचं, दुपारी मोकळा वेळ, उन्हाळ्यात गाडी बंद. ट्रकवर आयुष्य काढून पाठदुखीनं बेजार झालेल्यांना ही नोकरी खुणावते.

नारिंगी पाटीवरचा आकडा

मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघणाऱ्या टँकरच्या अंगावर एक पाटी असते आणि तिच्यावर चार आकडे : १२०३. हा पेट्रोलचा जगभर मान्य असलेला क्रमांक. स्वयंपाकाच्या गॅसच्या टँकरवर १०७५ दिसतो. अपघात झाला, चालक बेशुद्ध असला, तरी अग्निशमनवाल्यांना लांबूनच कळावं की आत काय आहे, फवारा मारायचा की फेस.

या गाडीला नुसतं हेवी चालत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि तिच्या नूतनीकरणाला उजळणीचा वर्ग करावा लागतो. ही नोंद पाच नव्हे, तीन वर्षंच टिकते. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं, कारण केबिनमध्ये ठेवायच्या सूचनापत्रकावरचा मजकूर संकटात त्यालाच वाचायचा असतो. शाळेची अट इतर सगळ्या वाहनांवरून उठली, इथं अक्षरांची गरज राहिली. वेगही बांधलेला : इतर बहुतेक वाहतूक वाहनांना ८० किलोमीटरवर वेगनियंत्रक, टँकरला ६०वर. पंपावर पोचल्यावर आधी अर्थिंगची तार जोडायची, मगच नळी. हा क्रम चुकवला तर एखादी ठिणगी पुरते.

या नोकरीचा प्रभाव राज्यानं २०२४च्या पहिल्याच दिवशी अनुभवला. अपघातानंतर खबर न देता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)मध्ये होती. तिच्या विरोधात ट्रकचालकांनी चाकं थांबवली, पानेवाडीचे टँकरही उभे राहिले. काही तासांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. थांबलं तर जमाव मारतो, पळालं तर तुरुंग, हे त्यांचं म्हणणं. १ जुलै २०२४पासून संहिता लागू झाली, ते उपकलम मात्र लागू केलं गेलं नाही.

क्लच नसलेली बस

९ डिसेंबर २०२४च्या रात्री मुंबईत कुर्ला पश्चिमेला बेस्टच्या मार्गावरची एक इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि अनेकांचा बळी गेला. जबाबदारी कुणाची हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण त्या रात्रीनंतर एक प्रश्न सगळीकडे विचारला गेला : गिअर-क्लचच्या बसवर हात बसलेल्या चालकाला, क्लच नसलेल्या आणि पाय ठेवताच झेप घेणाऱ्या बारा मीटर बसचं शिक्षण किती दिवसांचं मिळायला हवं? आपल्या हेवी लायसनवर हा फरक कुठंच उमटत नाही. डिझेल असो की बॅटरी, हाती गिअर असो की आपोआप बदलणारा, कार्ड तेच.

२०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तिच्यात अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो पूर्ण करणाऱ्याला आरटीओच्या मैदानावरची चाचणी द्यावी लागत नाही. क्लीनरच्या आसनावर बसून वर्षानुवर्षं जे शिकलं जायचं, ते आता ३८ तासांत बसवायचं आहे.

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर त्या यादीत बस आणि ट्रकचालकही होते. तिथं जाऊ पाहणाऱ्या मराठी चालकाला भाषा शिकावी लागते, हे उघड आहे. पण इथल्या दहा वर्षांच्या हेवीवर तिथं कायमची नोकरी चालत नाही. परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर ठरवावं लागतं : साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकसाठी ‘सी’, त्याला ट्रेलर जोडायचा तर ‘सीई’, आठांहून अधिक प्रवासी न्यायचे तर ‘डी’. वर धंदा म्हणून चालवायचं, तर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. माल की माणसं, हा आपल्या कायद्यानं १९९४मध्ये सोडलेला प्रश्न तिथल्या खिडकीवर त्याला पहिल्यांदा विचारला जातो. खिशातल्या कार्डावर त्याचं उत्तर नसतं. ते त्याला स्वतःलाच सांगावं लागतं.